घास कुठे तुटतो?

मागच्या अंकात जबड्याच्या शस्त्रक्रियेचा मी ओझरता उल्लेख केला आणि पत्रांचा ढीग आला. बहुतेकांनी सोबत फोटो जोडलेत: समोरून, बाजूने, हसताना. जेवताना काय होतं हे मात्र मोजून तिघांनी लिहिलंय. तीस वर्षं लोकांच्या दातांना तारा लावल्यानंतर मला फोटोपेक्षा त्या तीन पत्रांत जास्त रस वाटला, म्हणून सुरुवात त्यातल्याच एकाने करते.

प्रश्न: माझं वय २४. खालचा जबडा पुढे आहे. शाळेत असताना तारा लावून दात जुळवले होते, पण हळूहळू खालचे दात पुन्हा वरच्यांच्या पुढे गेले. एका डॉक्टरांनी थेट शस्त्रक्रिया सुचवली. दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या, आधी फंक्शनल गरज आहे का ते बघू. त्यांनी पट्टीने मोजून ‘उणे २’ लिहिलं. माझी गरज खरी आहे की हे नुसतं दिसण्याचं खूळ, ते दोन मिलिमीटरवर ठरणार का? तसं जेवताना मला काही त्रास होत नाही, फक्त मी सगळं बारीक तुकडे करून खाते.

‘खूळ’ हा शब्द तुमचा स्वतःचा की कुणी ऐकवलेला? ऐकवलेला असेल तर ज्याचा त्याला परत करून टाका.

उणे २ हा तुमचा ओव्हरजेट. दात मिटल्यावर वरच्या पुढच्या दातांची कड खालच्या दातांच्या किती पुढे येते, ते आडवं अंतर. साधारणपणे ते दोन-तीन मिलिमीटर असतं. तुमचे खालचे दात पुढे आहेत, म्हणून हिशेब उलटा आणि आकडा उणे.

पण हा आकडा घेताना फसायला होतं. माझ्याकडे एक तरुण आला होता. दात मिटले की उलटं अंतर सरळ तीन मिलिमीटर. त्याला जिभेचं टोक टाळूवर जितकं मागे नेता येईल तितकं न्यायला सांगितलं, हनुवटीला अंगठा टेकवला आणि जबडा हळूच मिटू दिला. पुढचे दात कडेला कड लागून थांबले. मग ‘आता नेहमीसारखे मिटा’ म्हटल्यावर जबडा तिथून घसरला आणि पुढे जाऊन बसला. म्हणजे त्या तीन मिलिमीटरमधला बराचसा भाग हाडाचा नव्हताच, घसरण्याच्या सवयीचा होता. त्याचं काम तारांवर भागलं. तुमचे उणे २ कोणत्या स्थितीत मोजलेत, हे विचारून घ्या.

आता गरजेबद्दल. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दातांना तारा लावणाऱ्या डॉक्टर मंडळींनी, यासाठी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिचं नाव लांबलचक आहे, इंडेक्स ऑफ ऑर्थोग्नॅथिक फंक्शनल ट्रीटमेंट नीड. आम्ही आयओएफटीएन म्हणतो. नुसत्या तारांनी जे सुटण्यासारखं नाही, त्यात शस्त्रक्रियेची गरज कोणाला जास्त हे ठरवण्यासाठी ती आहे. पायऱ्या पाच. पाचवी म्हणजे फार मोठी गरज, पहिली म्हणजे गरज नाही. उलटा ओव्हरजेट ३ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर थेट पाचवी पायरी, पुढे काही विचारायचं नाही. शून्य ते तीनच्या आत असेल तर मात्र प्रश्न येतो: दातांच्या रोजच्या कामात अडचण आहे का? असली तर चौथी पायरी, नसली तर तिसरी. तुम्ही नेमक्या या बेचक्यात आहात. तेव्हा तुमचं दोन मिलिमीटरवर ठरणार नाही, घासावर ठरेल.

आणि घासाबद्दल तुम्ही काय लिहिलंय बघा. ‘काही त्रास होत नाही, फक्त सगळं बारीक तुकडे करून खाते.’ हे ‘फक्त’ मी रोज ऐकते. जन्मापासून असाच जबडा वापरणाऱ्या माणसाला अडचण आहे का म्हणून विचारलं, तर तो ‘नाही’च म्हणतो, कारण दुसरा अनुभवच नाही. म्हणून मी विचारत बसत नाही. पावाची एक स्लाइस हातात देते आणि बघते.

परवाच एका मुलीला दिली. तिने आधी ती बोटांनी तोडली. म्हटलं, तोडू नकोस, चावून तुकडा काढ. मग मान जराशी उजवीकडे कलली, पाव तोंडाच्या कोपऱ्याकडे सरकला, जबडा बाजूला गेला आणि तिने सुळ्याने घास तोडला, तोही अर्धा; उरलेला हाताने ओढून. ती स्लाइस मी उजेडाकडे धरली. कडेला सुळ्याची खोल खूण होती, पलीकडे दाढेची एक पुसट. पुढच्या दातांची एकही नाही. ‘मी अशीच खाते,’ ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, ‘सगळे असंच खातात ना?’

तुम्हीही घरी हे करून बघा. त्यासोबत सात दिवस एक वही ठेवा. काय हाताने किंवा सुरीने बारीक केलं, चारचौघांत काय टाळलं, बाकीचे उठल्यावर आपण किती वेळ खात बसलो, गाल किंवा ओठ कितीदा चावला गेला, सॅलडचं पान तुटतं की अख्खं ओढून बाहेर येतं. ‘खाताना त्रास होतो’ या एका वाक्यापेक्षा अशा सात पानांवरून मला पायरी ठरवता येते. तुमच्या डॉक्टरांना पुढच्या दातांच्या कडा झिजल्यात का आणि खालच्या पुढच्या दातांवरची हिरडी खाली उतरलीय का, हेही बघायला सांगा. दात उलटे आपटत राहिले की त्या जागी मार बसतो, आणि ते रुग्णाला कळतही नाही.

अजून एक, कारण तुमच्या तारा आधी होऊन गेल्यात. अशा उपचारात वरचे दात पुढे आणि खालचे आत कलवून हाडांमधलं अंतर झाकलेलं असतं. तोंडात दिसणारे दोन मिलिमीटर म्हणजे हाडांमधले दोन नव्हेत; हाडांमधलं बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये दिसतं. शस्त्रक्रिया करायचीच ठरली तर त्याआधी साधारण वर्ष-दीड वर्ष तारा लावून हे कललेले दात सरळ करावे लागतात, आणि त्या काळात तुमचे उणे २ उणे ५ होऊ शकतात. दर महिन्याला आरशात जास्त बिघडलेलं दिसणार, याची तयारी हवी. म्हणून आजचं माप, आजचे फोटो, दातांचे आजचे साचे आजच नोंदवून ठेवा. नंतर वाढलेल्या मापावर बोट ठेवून ‘बघा, पाचवी पायरी’ म्हणणं मला पटत नाही. हाडांमधलं खरं अंतर तेव्हाच उघडं पडतं, असं म्हणणारे सहकारी आहेत आणि त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. या मुद्द्यावर आमचं जमत नाही.

पायरी म्हणजे निर्णय नव्हे, हेही ध्यानात असू द्या. चौथी पायरी आली म्हणून शस्त्रक्रिया केलीच पाहिजे असं नाही. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी कापून मागे घेतात तेव्हा खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस त्या कापाला अगदी लागून असते. सुरुवातीला ओठ बधिर होतो, बहुतेकांचा काही महिन्यांत सुधारतो, काहींचा थोडा बधिरपणा कायमचा राहतो. पण खालचा जबडा पुढे दिसतो तेव्हा कित्येकदा मुळात वरचा मागे असतो. तसं असेल तर वरचा पुढे आणून भागतं का, हे सर्जनना विचारा, कारण त्या शस्त्रक्रियेत ही नस मधे येत नाही.

प्रश्न: मुलगा १६ वर्षांचा आहे. दाढा मिटल्या तरी पुढचे दात टेकत नाहीत, फटीतून जीभ दिसते. डॉक्टरांनी ३.५ मिलिमीटर लिहिलं आणि ‘४ असतं तर पाचव्या पायरीत गेला असता’ म्हणाले. अर्ध्या मिलिमीटरसाठी मुलाची गरज कमी कशी होते? आणि शस्त्रक्रिया करायचीच आहे तर आत्ताच का नाही? त्याला मित्रांत वावरणं नकोसं झालंय.

तुमचा राग मी समजू शकते. ओपन बाइट, म्हणजे पुढच्या दातांमधली ही फट, ४ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर पाचवी पायरी, हे खरं. पण ४ च्या आत असून कामात अडचण असेल तर चौथी, आणि चौथी म्हणजेही मोठी गरजच. तेव्हा अर्ध्या मिलिमीटरसाठी भांडू नका. जबडा जरा सैल सोडला किंवा पट्टी जरा तिरकी धरली तरी एवढा फरक पडतो. मी तीनदा मोजते, मधे मुलाला काहीतरी बोलतं करते म्हणजे तो जबडा आवळून बसत नाही, आणि तिन्हींतलं मधलं माप लिहिते. एकदा एका शिकाऊ डॉक्टरने मला ‘मॅडम, चार लिहू या ना’ म्हटलं होतं. मी साडेतीनच लिहिलं, आणि खाली दोन ओळी लिहिल्या: पातळ काप पुढच्या दातांनी तुटत नाही, नूडल्स जीभ आणि वरचा ओठ यांच्यात दाबून तोडतो. ज्यांनी तो कागद वाचला त्यांना पुरेसं कळलं.

आत्ताच का नाही, याचं उत्तर त्याच्या बुटाच्या नंबरात आहे. तो अजून वाढतोय ना? मुलींची जबड्याची वाढ बहुधा लवकर थांबते. मुलांचा खालचा जबडा अठरा-एकोणीसपर्यंत, कधी त्याच्याही पुढे वाढत राहतो. वाढ चालू असताना जबडा कापून जागेवर बसवला तर तो वाढतच राहणार आणि दोन वर्षांनी तीच फट पुन्हा दिसणार. म्हणून आम्ही वर्षभराच्या अंतराने बाजूचे एक्स-रे काढतो आणि एकावर एक ठेवून बघतो. दोन्हींच्या रेषा जुळल्या की पुढची बोलणी. हा वर्ष-दोन वर्षांचा काळ तुम्हाला वाया गेल्यासारखा वाटेल. त्यात नाकाची तपासणी करून घ्या, नाक चोंदून तो तोंडाने श्वास घेतोय का ते बघा, आणि गप्प बसलेला असताना जीभ कुठे ठेवतो तेही. जीभ सतत फटीत राहिली तर शस्त्रक्रियेनंतरही ती दातांना ढकलत राहते.

एक विनंती. त्याला ‘तोंड मीट’ म्हणत असाल तर ते थांबवा. अशा मुलांचे ओठ सहज पोहोचत नाहीत, हनुवटीचा स्नायू आवळून मिटावे लागतात. ओठ मिटताना हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारख्या खळ्या पडतात का बघा. पडत असतील तर तो तुमचं ऐकण्यासाठी दिवसभर कष्ट करतोय.

प्रश्न: मी दंतवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला आयओटीएन (इंडेक्स ऑफ ऑर्थोडॉन्टिक ट्रीटमेंट नीड) शिकवतात. त्यात पाचवी श्रेणी आहेच, मग शस्त्रक्रियेसाठी वेगळा इंडेक्स कशाला?

चांगला प्रश्न विचारलास. ब्रूक आणि शॉ यांचा १९८९ चा आयओटीएन ऑर्थोडॉन्टिक, म्हणजे तारांच्या, उपचाराची गरज मोजतो. शस्त्रक्रियेचं मोजमाप हे त्याचं काम नाहीच. वरचा सुळा हाडात अडकून बाहेर येत नसेल तर आयओटीएनमध्ये ती थेट पाचवी श्रेणी. त्या सुळ्यासाठी जबडा कापशील का? तारा लावून ओढून घेशील. उलट ४ मिलिमीटरपेक्षा मोठी ओपन बाइट तिथे चौथ्या श्रेणीत आहे आणि आयओएफटीएनमध्ये पाचव्या पायरीवर. चेहऱ्याचा वाकडेपणा, ओठ सैल असताना दिसणारी हिरडी, झोपेत अडणारा श्वास, यांना तर आयओटीएनमध्ये जागाच नाही.

परीक्षेसाठी पाठ करशील तेव्हा एक क्रम विसरू नकोस. तेरा वर्षांच्या मुलाचे वरचे दात १० मिलिमीटर पुढे आहेत. आकडा ९ च्या वर, म्हणून तू लगेच ‘आयओएफटीएन पाच’ लिहिशील. पण त्याची वाढ शिल्लक आहे, फंक्शनल अप्लायन्सने, म्हणजे वाढीच्या वयात जबडा पुढे धरणाऱ्या उपकरणाने, काम होण्यासारखं आहे. ‘नुसत्या तारांनी सुटणार नाही’ हे आधी ठरलं पाहिजे, पायरी त्याच्या नंतर. ६ ते ९ मिलिमीटर ओव्हरजेट चौथ्या पायरीत येतो, तिथेही हेच.

आणि आरसा घेऊन टाळू बघायची सवय लाव. खोल चावा असलेल्या, म्हणजे वरचे पुढचे दात खालच्यांना फार झाकतात अशा, रुग्णात वरच्या पुढच्या दातांच्या मागे खालच्या दातांचे लालसर ठसे उमटलेले असतात, कधी हिरडी सोललेली असते. तशी इजा असेल तर चौथी पायरी, नसेल तर दुसरी. चावा तितकाच खोल, दोन पायऱ्यांचा फरक, आणि तो आरशाशिवाय दिसत नाही.

प्रश्न: ‘स’ म्हणताना शिट्टीसारखा आवाज येतो, ‘फ’ही विचित्र वाटतो. वरचे दात ७ मिलिमीटर पुढे आहेत. जबडा मागे घेतला तर बोलणं सुधारेल ना?

सुधारेलच, असं वचन मी देणार नाही. माझ्या मते प्रामाणिक सर्जनही देणार नाही. आयओएफटीएनमध्ये नुसती बोलण्यातली अडचण पहिल्या पायरीवर आहे, म्हणजे शस्त्रक्रियेची गरज नाही. अनेकांना हे कठोर वाटतं. कारण असं, की बोलणं दातांइतकंच जिभेच्या सवयीवर चालतं. ‘चाक’मधला च आणि ‘चार’मधला च वेगळे काढणारी जीभ वाकड्या दातांतूनही वाट काढते, आणि दात सरळ झाले तरी जुनीच वाट धरते. माझ्या रुग्णांपैकी काहींचं बोलणं शस्त्रक्रियेनंतर सुधारलं, काहींचं होतं तसंच राहिलं. वाणी उपचारतज्ज्ञांना आधी भेटा. तुमची पायरी चौथी ठरेल, पण ती तुमच्या ७ मिलिमीटरमुळे. शस्त्रक्रिया त्यासाठी केलीत तर करा, ‘स’साठी नको.

प्रश्न: हसताना ७ मिलिमीटर हिरडी दिसते. सोबत फोटो जोडला आहे.

फोटो प्रसन्न आहे, पण कामाचा नाही. आयओएफटीएनसाठी हिरडी हसताना मोजत नाहीत, ओठ सैल असताना मोजतात. ‘मम्म’ म्हणा, ओठ आपोआप सुटू द्या आणि तसाच फोटो काढा. तेव्हाही ३ मिलिमीटर किंवा जास्त हिरडी दिसत असेल तर चौथी पायरी. त्याहून कमी असेल पण हिरडी कोरडी पडून सुजत असेल तर तिसरी. ओठ सैल असताना हिरडी दिसतच नसेल तर जबड्याच्या शस्त्रक्रियेचा विचार सोडा.

प्रश्न: माझे पती जोरात घोरतात, मधेच श्वास थांबतो; किती सेकंद ते मी पडल्यापडल्या मोजते. त्यांचा खालचा जबडा आखूड आहे. जबडा पुढे आणून हे बरं होतं असं कळलं.

काहींचं होतं. दोन्ही जबडे साधारण १० मिलिमीटर पुढे आणले की जिभेमागची श्वासाची वाट मोठी होते. पण क्रम महत्त्वाचा. आधी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेत श्वासाची नोंद घेणारी तपासणी. घोरणं आणि स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडणं) एक नव्हे, आणि तुम्ही अंथरुणात पडून मोजलेले सेकंद पुरावा धरता येत नाहीत, जरी मला त्यावर विश्वास असला तरी. मग मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन, किंवा झोपताना जबडा पुढे धरणारं उपकरण. हे उपाय लागू पडत नाहीत किंवा सोसवत नाहीत असं नोंदलं गेलं की आयओएफटीएनची पाचवी पायरी. मशीन दोन रात्री वापरून कपाटात टाकलं असेल तर ते ‘सोसवत नाही’मध्ये धरत नाहीत. मास्क बदलून बघा, नाकावरचा वेगळा, तोंडावरचा वेगळा. स्लीप स्टडीची तारीख मात्र याच आठवड्यात घ्या.

प्रश्न: तोंड उघडताना कानाजवळ कट् आवाज येतो. शस्त्रक्रियेने थांबेल?

त्यासाठी शस्त्रक्रिया नको. नुसत्या सांध्याच्या तक्रारीसाठी ही शस्त्रक्रिया पहिल्या पायरीत आहे. दुखत नसेल आणि तोंड पुरतं उघडत असेल तर आवाज करू द्या.

प्रश्न: वय २१. हनुवटी डावीकडे सरकली आहे, पण दात व्यवस्थित जुळतात. डॉक्टर म्हणाले, ‘तिसरी पायरी, घाई नाही.’ मला तर रोज आरशात तेच दिसतं. म्हणजे माझा त्रास त्रासच नाही का?

त्रास आहे. आयओएफटीएन तो मोजत नाही, एवढंच. वाकडेपणामुळे दातांची जुळणी बिघडली असेल तर चौथी पायरी, नसेल तर तिसरी. मनाचं मोजमाप त्यात मुद्दाम घेतलेलं नाही, त्याची वेगळी तपासणी असते आणि ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही सहज लिहून टाकलंय: ‘तीन वर्षांपूर्वी इतकं नव्हतं.’ मला त्याची काळजी वाटते. एकविसाव्या वर्षी हनुवटी सरकत असेल तर सांध्याजवळचं एका बाजूचं हाड अजून वाढत असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर आज जुळणारे दात उद्या जुळतीलच असं नाही, आणि पायरीही बदलेल. ‘घाई नाही’ ते हाड वाढायचं थांबलंय हे कळल्यावर म्हणायचं. समोरून काढलेले, दात दिसणारे जुने फोटो शोधा, मागे तारीख लिहा, क्रमाने लावा आणि डॉक्टरांसमोर टेबलावर मांडा. फरक दिसला तर हाडाचा स्कॅन करायचा का हे त्यांना विचारा. आधीचे साचे कुणाकडे ठेवलेले असतील तर तेही मागून घ्या, बरेच दवाखाने ते काही वर्षांनी टाकून देतात.